सेवेचे विपणन : दिलेल्या शब्दाचे शास्त्र

पदवीची परीक्षा आटोपली की मध्यमवर्गीय घरांत एमबीएच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. शुल्क किती, कर्ज कोणत्या बँकेचे, नोकरी लागल्यावर वेतन किती, या प्रश्नांची कसून चौकशी होते. मात्र दोन वर्षांत मुलगा वा मुलगी नेमके काय शिकणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विपणन हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना पुढे बँका, विमा, रुग्णालये, हॉटेले, दूरसंचार अशा सेवाक्षेत्रांतच काम करावयाचे असते. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात निम्म्याहून अधिक वाटा याच क्षेत्राचा आहे. म्हणूनच 'सेवांचे विपणन' हा विषय कसा शिकविला जातो, याची दखल समाजानेही घेतली पाहिजे.

साबण विकणे आणि सेवा विकणे यांत मूलभूत भेद आहे. 1977 साली लिन शोस्टॅक या बँकिंग क्षेत्रातील विदुषीने, वस्तूंसाठी रचलेले विपणनशास्त्र सेवांना पुरे पडत नाही, असे ठामपणे मांडले. साबण घेण्यापूर्वी हाताळून पाहता येतो. शस्त्रक्रिया वा विमा असा पाहता येत नाही. एसटीचे रिकामे गेलेले आसन साठवून उद्या विकता येत नाही. वैद्यापासून उपचार वेगळा काढता येत नाही, आणि एकच सेवा दोन कर्मचाऱ्यांच्या हातून सारखी मिळेलच, याची खात्री नसते. म्हणूनच वस्तू, किंमत, वितरण व प्रसिद्धी या चार घटकांना 1981 साली बूम्स आणि बिटनर यांनी माणसे, कार्यपद्धती आणि दृश्य पुरावे या तीन घटकांची जोड दिली.

मग ग्राहक सेवेची पारख कशावरून करतो? या प्रश्नाचा जगन्मान्य अभ्यास करणाऱ्या तिघांत ए. परशुरामन हे मद्रासच्या आयआयटीत आणि अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकलेले भारतीय विद्वान अग्रणी होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. झाइथॅमल आणि बेरी यांच्यासह त्यांनी 1988 साली सेवेच्या गुणवत्तेचे पाच निकष मांडले. त्यांत ग्राहक सर्वाधिक महत्त्व देतो ते विश्वासार्हतेला, असे त्यांना आढळले. झगमगीत दालन आणि गोड वाणी यांचे स्थान त्यानंतरचे. जे सांगितले ते ठरल्या वेळी, ठरल्याप्रमाणे करणे, हा या शास्त्राचा गाभा होय.

दुर्दैवाने अनेक वर्गांत हा गाभाच हरवतो. सात घटक आणि पाच निकष पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि विसरले जातात. उन्हाळी प्रशिक्षणाचे दोन महिने पुष्कळदा विक्रीचे लक्ष्य गाठण्यात खर्ची पडतात. परिणाम समाजाला भोगावा लागतो. मुदत ठेवीचे नूतनीकरण करावयास गेलेले निवृत्त गृहस्थ हाती वीस वर्षांची विमा पॉलिसी घेऊन परततात. ती विकणारा तरुण बहुधा व्यवस्थापनाचा पदवीधरच असतो. तो दुष्ट नसतो. शब्द देण्याचे शिक्षण त्याला मिळाले, शब्द पाळण्याचे मिळाले नाही.

लक्ष्य हेच वास्तव आहे, आदर्श सांगून नोकरी मिळत नाही, असा युक्तिवाद यावर केला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु कायदाही वास्तवच आहे. सेवेतील उणीव हा तक्रारीचा आधार होऊ शकतो, हे 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मान्य केले. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही त्याच्या कक्षेत आणली. 2019 च्या नव्या कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर थेट कारवाईची तरतूद केली. विमा पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी 2024 पासून 30 दिवसांची मुदत आहे. फसवून केलेली विक्री आता धंद्याच्या हिशोबातही परवडणारी राहिलेली नाही.

आणि शब्द पाळणारे नमुने शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. 1890 पासून चालत आलेल्या मुंबईच्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेवर 2010 साली हार्वर्डने अध्ययन प्रसिद्ध केले. तेथे जाहिरात विभाग नाही. झाकणावरील खुणा, टोळीतील परस्परांची ओळख, मिळकतीतील समान वाटा आणि अडचणीच्या वेळेसाठी राखलेली जादा माणसे यांवर दुपारच्या जेवणाचा शब्द पाळला जातो. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 साली 11 खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्रालयाने खेड्यांतील मुलींना प्रशिक्षण देऊन शस्त्रक्रियेतील साहाय्यक घडविल्या आणि पैसे देणाऱ्या रुग्णांच्या बळावर असंख्य गरिबांना दृष्टी दिली. ग्राहकाला दिलेला शब्द पाळावयाचा, तर तो पाळणाऱ्या माणसाला आधी समर्थ करावे लागते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

विद्यार्थ्यांना तालुक्याच्या बँकशाखेत, एसटी स्थानकात, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपाशी आठवडाभर बसवावे. ग्राहक कोठे अडतो, कोणाला विचारतो, कोठून निराश होऊन परततो, याचा टप्प्याटप्प्याने आराखडा त्यांनी काढावा. तक्रारवही वाचून एक तरी तक्रार मुळापासून सोडविण्याचा मार्ग सुचवावा आणि त्यावर गुण मिळवावेत. यासाठी परदेशी ग्रंथ टाकण्याचे कारण नाही. ते वाचून आपल्या मातीत पडताळावेत. पालकांनीही महाविद्यालय निवडताना वेतनाच्या आकड्याबरोबर हे काम तेथे होते का, असे विचारावे.

'सर्व्हिस' या शब्दासाठी मराठीने 'सेवा' हा शब्द योजला, तेव्हा त्याबरोबर एक जबाबदारीही आली. मोबदला घेतल्याने सेवेला कमीपणा येत नाही. शब्द मोडल्याने मात्र ती सेवा उरत नाही. एवढे भान घेऊन बाहेर पडणारा पदवीधर आपल्या संस्थेचे भले करील आणि समोर बसलेल्या माणसाचेही.