गल्ल्यात सुट्टे असू द्या

विजापूर वेशीतला रमजान बाजार इफ्तारनंतर फुलतो. हल्ली खजुराच्या गाड्यावरही ऐकू येतं, ‘सुट्टे नाहीत, स्कॅन करा.’ स्कॅनला माझा विरोध नाही. हिशेब सोपा होतो. पण विड्या वळणाऱ्या बाईच्या घरात फोन असलाच तर तो बहुधा मुलाच्या खिशात असतो. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या रांगा आपण विसरलो का? फितरा ईदच्या नमाजाआधी गरजूच्या हाती पडायचा, तो त्याच्याही घरी ईद व्हावी म्हणून. त्या नोटेला सुट्टे नाहीत म्हणून शीरखुर्म्याचं दूध मिळालं नाही तर? मशिदीच्या, मंदिराच्या दानपेटीतली चिल्लर दुकानदारांनी चाँदरातीआधीच मोजून न्यावी, बदल्यात मोठ्या नोटा द्याव्यात. विश्वस्त नाही म्हणणार नाहीत.