नाकारा, पण सांगून नाकारा



गेल्या ऑगस्टमध्ये नागपूरहून कॉर्कला शिकायला आलेल्या एका मुलीने खोली हवी म्हणून मला मेल लिहिला. आयर्लंडमध्ये भाड्याची खोली मिळवणे हे काय दिव्य आहे, ते इथल्यांना सांगायला नको. एका ओळखीच्या कुटुंबाकडे खोली रिकामी होती. मी त्याच रात्री उत्तर धाडले. ते तिला अकरा दिवसांनी सापडले, स्पॅमच्या फोल्डरमध्ये! तोवर खोली गेली होती आणि एका भामट्याला तिने अनामत रक्कम भरली होती. त्या भामट्याचा मेल मात्र सरळ इनबॉक्समध्ये आला होता. तो एका बड्या कंपनीच्या फुकट खात्यावरून आला होता, माझा आमच्या स्वतःच्या सर्व्हरवरून.

आता "स्वतःचा सर्व्हर हवाच कशाला?" हा प्रश्न येणारच. आमच्याकडे लोक घरातल्या मारहाणीबद्दल लिहितात, कामाच्या ठिकाणी कुणी जात विचारली त्याबद्दल लिहितात. ही पत्रे कुठल्या कंपनीच्या कपाटात राहू नयेत, एवढेच.

चूक आमचीही होती, हे आधी कबूल करतो. सर्व्हरच्या आयपीवरून उलटे शोधले तर नाव सापडत नव्हते. एसपीएफ, म्हणजे आमच्या डोमेनच्या वतीने कोण पत्र पाठवू शकतो याची जाहीर नोंद, अर्धवट होती. डीकेआयएमची सही पत्रावर नव्हतीच. हे सारे दोन रविवार खर्चून दुरुस्त केले, डीमार्कही लावले. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी असे नियम कडक केले आहेत, आणि ते योग्यच आहेत. दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवणे अवघड झालेच पाहिजे.

पण सगळे पुरे करूनही एका बड्या मेल कंपनीकडे आमची पत्रे स्पॅममध्येच जात राहिली. का? बहुधा आयपीमुळे. भाड्याच्या सर्व्हरचा आयपी आधी कुणी वापरला, शेजारच्या आयपीवरून आज कोण काय पाठवतो, यावर आमची पत ठरते. पत्ता पाहून माणसाची लायकी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. (दोन्ही दुःखांचे वजन एक आहे असे मी म्हणत नाही. पद्धत मात्र ओळखीची वाटते.)

माझा खरा राग अडवण्यावर नाही, मुकाट्याने अडवण्यावर आहे. आमच्या सर्व्हरच्या नोंदीत त्या कंपनीचे उत्तर दर वेळी '२५०' असे आहे, म्हणजे "पत्र स्वीकारले". एसएमटीपीचा नियम (आरएफसी ५३२१, सन २००८) सांगतो की असे उत्तर दिल्यावर पत्र पोहोचवण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची. जमत नसेल तर त्याने तसे कळवावे. स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकले म्हणजे पोहोचवलेच, हा युक्तिवाद वकिलाला शोभतो. '५५०' म्हणून तोंडावर दार लावले असते, तर मी त्या मुलीला त्याच रात्री फोन केला असता.

यावर आकडे तोंडावर फेकले जातात. हवे असलेले पत्र स्पॅममध्ये जाण्याचे प्रमाण ०.०५ टक्क्यांहून कमी, असे गुगलने २०१५ मध्ये सांगितले होते. असेलही. पण ती सरासरी आहे, आणि तिच्यात बँका, दुकाने आणि विमान कंपन्यांचे अब्जावधी मेल आहेत. छोट्या सर्व्हरवाल्यांचे प्रमाण वेगळे काढून दाखवा! प्रयोगशाळेत माझ्या विद्यार्थ्याने असा एकच आकडा आणला तर मी त्याला परत पाठवीन. शिवाय गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये स्वतःचे आकडे पाहायचे, तर पाठवणाऱ्याची पत्रे पुरेशा संख्येने असावी लागतात. लहानांसाठी तक्ते कोरेच.

दाद कुठे मागायची? गुगलचे युरोपातले मुख्यालय डब्लिनमध्ये, माझ्या घरापासून अडीच तासांवर. पण ६ सप्टेंबर २०२३ रोजी युरोपीय आयोगाने डिजिटल मार्केट्स कायद्याखालच्या 'द्वारपालां'च्या सेवा जाहीर केल्या, तेव्हा जीमेल आणि आउटलुक डॉट कॉम या दोन्हींना वगळले. वापरकर्त्यांच्या संख्येचे निकष दोन्ही पुरे करत होत्या. तरी त्या द्वार नाहीत, हा कंपन्यांचा बचाव आयोगाला पटला. द्वार नाही, तर आमची पत्रे अडतात कुठे? आयर्लंडच्या युरोपीय खासदारांना हे विचारायला हवे, आणि मागणीही साधी आहे : अडवाल तर पाठवणाऱ्याला कळवा, कारण सांगा, आणि ते तपासायला एक माणूस ठेवा.

मी माझ्या भागातल्या खासदारांना लिहिले आहे. मेलही केला आणि टपालानेही पाठवले.