आधी खेळाचा मास्तर द्या, स्टेडियमचं नंतर बघू

'मैदान' सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिला असेल. अजय देवगणने ज्यांचं काम केलंय ते सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. म्हणजे एका अर्थाने आपलेच. 1956 पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता की!

रहीम साहेब मूळचे शाळामास्तर. त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ असा घडवला, की मुंबईचा रोव्हर्स कप 1950 ते 1954 सलग पाच वेळा त्यांनीच नेला. 1951 ला दिल्लीत भारताला एशियाडचं सुवर्ण. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मार. आपली काही पोरं तर अनवाणी खेळत होती! पण चारच वर्षांनी, 1 डिसेंबर 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवलं. नेव्हिल डिसोझाचे त्यात तीन गोल. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन तेव्हा बरोबर महिना झाला होता. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. 1962 ला जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून पुन्हा सुवर्ण. तेव्हा साहेब कॅन्सरने आजारी होते. जून 1963 मध्ये गेले. त्यानंतर एशियाडचं फुटबॉलचं सुवर्ण भारताला आजवर मिळालेलं नाही.

हे लिंबागणेशच्या वेशीवर बसून का लिहितोय? तर एक मास्तर काय करू शकतो, हे कळावं म्हणून. आपल्या भागातली पोरं-पोरी भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात, बाजूने ट्रक जातात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे एशियाडला स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला, पण त्याच्यातला धावपटू कोणी ओळखला? लष्कराने. तोवर आपल्या नजरेला तो दिसलाच नाही.

कोणी म्हणेल, आधी प्यायला पाणी द्या, मग खेळाचं बोला. पटतं. पण निधी आला की लोखंडी व्यायामाची यंत्रं बसतातच ना? चार महिन्यांत गंजतातही. मास्तर गंजत नाही.

म्हणून पालकांना एकच विनंती. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा: आपल्या शाळेत खेळ शिकवतं कोण? आणि खेळाचा तास खरंच होतो, का तिथंही गणितच? उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. पुढचं आपण मिळून बघू.