परवाना आणि पात्रता

रस्ता हा सर्वांच्या मालकीचा असतो. शाळेस निघालेली मुले, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई, काठी टेकीत चालणारे आजोबा, बैलगाडी आणि मोटार ही सारी एकाच रस्त्याने जातात. यांपैकी पायी चालणाऱ्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. मोटार चालविणाऱ्यास मात्र ती घ्यावी लागते. हा भेद कशासाठी बरे केलेला असावा?

ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर अंतर कापते. अशा वेळी एखादे मूल अचानक आडवे आले, तर ते दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे गाडीचा वेग कमी होऊ लागण्यापूर्वीच ती १० मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. एवढी शक्ती ज्याच्या हाती द्यावयाची, त्याची पात्रता पारखून घेणे हे समाजाचे कर्तव्यच होय.

हे शहाणपण माणसाला अनुभवाने आले. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने परवाना आवश्यक ठरविला. परंतु शुल्क भरले की तो परीक्षेवाचून मिळत असे. मोटारी वाढल्या, तसे अपघातही वाढले. १९३४ साली त्या देशात सात हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली. पुढील वर्षी, १९३५ मध्ये, नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली.

आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने या परीक्षेचे टप्पे ठरवून दिले आहेत. प्रथम शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे, रस्त्याचे नियम आणि अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये यांवर प्रश्न विचारतात. शेकडा ६० उत्तरे बरोबर यावी लागतात. हा परवाना ६ महिने चालतो. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावावे लागते, आणि मोटार शिकताना शेजारी परवानाधारक शिक्षक बसलेला असावा लागतो. निदान ३० दिवस गेल्यावाचून पुढील परीक्षेस बसता येत नाही. त्या परीक्षेत निरीक्षक प्रत्यक्ष गाडी चालवून घेतात. उमेदवार आरसा नीट करतो काय, वळण्यापूर्वी इशारा देतो काय, गाडी मागे घेताना सावध असतो काय, हे ते पाहतात. नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र ६० दिवस थांबावे लागते.

पुष्कळांना हे सारे निष्कारण जाच वाटतात. “गाडी मला उत्तम येते, मग महिनाभर थांबू कशाला?” असे ते म्हणतात. कोणी दलालाला पैसे देऊन आडवाट शोधतो, तर कोणी घरी संगणकावर परीक्षा देताना शेजाऱ्याकडून उत्तरे विचारून घेतो. माझ्या मते अशा मनुष्याने सर्वांत मोठी फसवणूक केलेली असते ती रस्त्यावरील अनोळखी माणसांची. गणितात नक्कल करणाऱ्याचे नुकसान बहुधा त्याचे त्यालाच भोगावे लागते. येथे मात्र चूक एकाची आणि प्राण दुसऱ्याचा, असे होऊ शकते. गाडी चालविता येणे आणि घाईच्या वेळीही दुसऱ्याची काळजी घेता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आठ दिवसांत येईल. दुसरीला सराव लागतो. म्हणूनच हा अवधी ठेवलेला आहे.

मुलांनो, मोटारीसाठी वयाची अट १८ वर्षांची आहे. गिअर नसलेली, ५० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिनाची दुचाकी १६ व्या वर्षी पालकांच्या संमतीने परवाना काढून चालविता येते. परंतु आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटरींचे इंजिन याच्या दुपटीहून मोठे असते. तरीही तेराव्या वर्षी स्कूटर पळविणारा मुलगा मित्रांना शूर वाटतो, आणि क्वचित त्याच्या वडिलांनाही त्याचे कौतुक वाटते! २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रकरणी पालकास किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. त्या मुलालाही वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवाना मिळत नाही. शिक्षा कडक आहे खरी; परंतु गेलेला जीव कोणत्याही दंडाने परत येत नाही.

तुम्हांपैकी बहुतेकांना परवाना मिळण्यास अजून पाच-सहा वर्षे आहेत. ती वाया जाण्याचे कारण नाही. तांबडा दिवा लागला की सायकल थांबविणे, वळण्यापूर्वी हात दाखविणे, रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंस पाहणे, या सवयी आजच लावता येतात. ज्याने त्या लावून घेतल्या, त्याला निरीक्षकापुढे बसताना भीती वाटणार नाही, आणि रस्त्यावरून चालणाऱ्यांनाही त्याची भीती बाळगावी लागणार नाही.