टेबलाच्या नावावर अंमल कोणाचा?

डेटाबेससारखे अवाढव्य सॉफ्टवेअर एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर नेताना जो पहिला खटका उडतो, त्याचे खापर बहुधा फाईलीच्या पत्त्यातील तिरप्या रेषेवर फोडले जाते. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते, सरळ स्लॅश आज्ञांच्या पर्यायांसाठी खर्ची पडलेला होता, आणि 1983 साली दुसऱ्या आवृत्तीबरोबर फोल्डर अवतरले तेव्हा त्यांच्या वाट्याला बॅकस्लॅश आला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये बॅकस्लॅशपुढे ‘एन’ आला की त्याची नवी ओळ होते. म्हणून ‘न्यू’ नावाच्या फोल्डरचा पत्ता मधोमध दुभंगतो. परंतु हे दुखणे तत्काळ ओरडते, आणि बॅकस्लॅश दुहेरी केला की शमते.

खरा घात उशिरा होतो, आणि तो रोमन लिपीतील लहानमोठ्या अक्षरांच्या (देवनागरीला सुदैवाने ठाऊक नसलेल्या) भेदातून. टेबलाचे नाव तेच फाईलीचे नाव, हा रिवाज मायएसक्यूएलने पाडला आणि नावांवरील सारा अंमल फाईल सिस्टिमच्या स्वाधीन केला. विंडोजवर महिनोन्महिने बिनतक्रार चाललेली क्वेरी लिनक्स सर्व्हरवर जाताच ‘असे टेबल अस्तित्वात नाही’ असा जबाब देते, कारण तेथे मोठ्या ‘ओ’चे ‘ऑर्डर्स’ निराळे आणि लहान ‘ओ’चे निराळे. याच्या बंदोबस्तासाठी ‘लोअर केस टेबल नेम्स’ हे सेटिंग आहे. त्याचे मूळ मूल्य युनिक्सवर 0, विंडोजवर 1, मॅकओएसवर 2, म्हणजे एकाच दरबाराचे तीन मुलखांत तीन कायदे. 8.0 आवृत्तीपासून तर डेटाबेसची प्रथम स्थापना झाल्यावर ते बदलण्याची मुभाही उरलेली नाही.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा कारभार मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तेथे नाव कॅटलॉगच्या दप्तरात राहते आणि फाईल निव्वळ आकड्याने ओळखली जाते. त्यामुळे 2005 साली 8.0 आवृत्ती थेट विंडोजवर उतरली तेव्हा टेबलांच्या नावांचा तंटा तिच्यापुढे उभाच राहिला नाही. डेटा फोल्डर उघडणाऱ्याला आपल्या टेबलांच्या जागी 16384च्या पुढचे मुके आकडे तेवढे दिसतात, ही तक्रार रास्त आहे, पण ती गैरसोय पत्करावी.

फाईलीचे नाव टेबलाच्या नावापासून वेगळे ठेवणे मायएसक्यूएललाही अगदीच अपरिचित नाही. ‘नल’, ‘ऑक्स’ अशी विंडोजने उपकरणांसाठी राखलेली नावे टेबलाला दिली, तर त्याच्या फाईलीला ते तीन ॲट-चिन्हांचे शेपूट जोडते, आणि तेही लिनक्ससह सर्वत्र, जेणेकरून टेबल उद्या सरहद्द ओलांडू शकेल. हीच खबरदारी अक्षरांच्या बाबतीत घेतली असती, तर त्या तीन मूल्यांच्या सेटिंगची गरज बहुधा पडली नसती.

— दप्तरदार