सात थर आणि हंडी

पाठांतराला माझा विरोध नाही. दिवेलागणीला परवचा म्हटल्याशिवाय ज्या घरात पान वाढत नसत, त्या घरात मी वाढलो. पावकी, निमकी, औटकी झोपेतसुद्धा म्हणत असे. पण त्या औटकीचा दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात उपयोग व्हायचा. परवा आमच्या भाचीचं पाठांतर ऐकलं आणि मला प्रश्न पडला, की या पोरीचा वाणी कुठे आहे?

भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. विषय कॉम्प्युटर नेटवर्क्स. "मामा, तू नुसतं पुस्तक धर," असं म्हणून तिने मला समोर बसवलं आणि डोळे मिटून सुरुवात केली, "फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, अ‍ॅप्लिकेशन." चाल थेट भीमरूपीची! अडखळली की एक इंग्रजी वाक्य पुटपुटायची, "प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे." त्यातल्या एकेका शब्दाच्या आद्याक्षराचा एकेक थर. म्हणजे थर विसरू नयेत म्हणून पिझ्झा पाठ करायचा! ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "चातुर्मासात सॉसेज कुणी आणलं गं?"

"पण थर म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"सात मार्कांना येतं ते," भाची म्हणाली.

आणि तेवढ्यात घरातलं नेट गेलं. भिंतीवरच्या खोक्यावर लाल दिवा लागला. सात थर मुखोद्गत असलेल्या आमच्या विदुषीने खोकं बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं आणि मग ती माझ्याकडे बघायला लागली. माझं या विषयातलं ज्ञान खोक्याला टपली मारण्यापर्यंत. तेही करून झालं.

शेवटी केबलवाल्याचा मुलगा आला. बारावीनंतर शिक्षण सोडलेला. त्याने दिवा पाहिला आणि म्हणाला, "काका, उजेडच पोचत नाहीये. आधी वायर बघू." वायर सोफ्यामागे सापडली. पाहुणे येणार म्हणून ताईने ती लोंबती वायर साडीसारखी घडी घालून दोऱ्याने करकचून बांधली होती. "काकू, आत काचेची तार असते. एवढं कडक वळण दिलं की उजेड बाहेर सांडतो." त्याने दोरा सोडला, सैलसं वेटोळं केलं, दिवा हिरवा झाला. मग त्याने कॉम्प्युटरवरून 'पिंग' नावाच्या आज्ञेने आधी घरातल्या खोक्याला हाक मारली, मग बाहेरच्या एका पत्त्याला, आणि सगळ्यात शेवटी वर्तमानपत्राचं पान उघडून दाखवलं. "खालून वर जायचं काका, म्हणजे चूक सापडते."

मी पुस्तकात डोकावलो. खाली तार, वर पत्ता, टोकाला वर्तमानपत्राचं पान. अहो, हेच तर ते थर! हा पोरगा ते चढत होता आणि आमची भाची ते म्हणत होती. सात मार्क मात्र भाचीला.

आता त्या सात थरांचीच कुळकथा ऐका. ते प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले १९८४ साली. आणि इंटरनेटची आजी जी अर्पानेट, ती १ जानेवारी १९८३ लाच टीसीपी-आयपी नावाच्या दुसऱ्याच नियमांवर नांदायला लागली होती. त्या नियमांत सेशन आणि प्रेझेंटेशन हे वेगळे थरच नाहीत. म्हणजे संसार सुरू झाल्यावर पत्रिका आली, तीही जुळली नाही, आणि आमच्या पोरी त्या पत्रिकेतले ग्रह घोकताहेत! पत्त्यांचे ए, बी, सी हे वर्ग १९९३ साली मोडीत निघाले. भाचीच्या वहीत त्यांचा तक्ता लाल शाईच्या चौकटीत विराजमान आहे.

त्यापेक्षा १९८६ ची गोष्ट सांगा ना! ऑक्टोबर महिना, अमेरिकेतलं बर्कली. तिथली एक प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यात अंतर सुमारे ४०० यार्ड. त्यांच्यामधल्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. चार पानी पत्र शिपायाने चालत आधी पोचवलं असतं. कारण काय, तर पोच आली नाही की प्रत्येक यंत्र तेच पाकीट पुन्हा पाठवी, त्याने गर्दी वाढे, म्हणून आणखी पाकिटं हरवत. व्हॅन जेकबसन या गृहस्थांनी १९८८ साली उपाय मांडला: सावकाश सुरुवात करा, पोच येईल तसा वेग वाढवा, पाकीट हरवलं की गर्दी आहे असं समजून मागे सरा. गणपतीत लक्ष्मी रोडवर अडकलेल्या कुठल्याही माणसाला हे एका मिनिटात पटेल. भाचीच्या पुस्तकात याला 'टीप लिहा, ४ गुण' एवढीच किंमत.

सर म्हणतील, "साठ मुलं, एवढा पोर्शन, प्रयोगशाळेत यंत्रं नाहीत." मान्य. त्यांची तारांबळ मी समजू शकतो. पण 'पिंग' फुकट आहे आणि प्रत्येक कॉम्प्युटरात आहे. एक तार उपटायची आणि म्हणायचं, "शोधा." त्याला कुठलं अनुदान लागतं? भाचीचं प्रॅक्टिकलचं जर्नल मात्र गेल्या वर्षीच्या मुलीच्या जर्नलवरून उतरवलेलं, त्यातल्या खाडाखोडीसकट.

त्या रात्री मीच तिला म्हटलं, "त्या मुलासारखं तूही काही करून बघ." तिने 'ट्रेसरूट' चालवलं. आपलं पाकीट कुठल्या कुठल्या मुक्कामांवरून जातं ते ओळीओळीने पडद्यावर उमटायला लागलं. चौथ्या ओळीत नुसत्या चांदण्या.

"मामा, बाकीचे उत्तर देतात, मग हा मधलाच गप्प का रे?"

संध्याकाळपासून तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी आनंदाने सरसावून बसलो. तेवढ्यात तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं. "जाऊ दे, हे परीक्षेला नाही," असं म्हणून तिने पडदा मिटला आणि डोळेही मिटले. "फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क..."

गोकुळाष्टमीला आमच्या चौकातली पोरं थर लावतात ते हंडीपर्यंत हात पोचावा म्हणून. विद्यापीठात मात्र थर लावतात, मोजतात, गुण देतात आणि उतरवतात. हंडी वर तशीच लोंबकळते आहे. पण मान वर करून बघायला तरी परीक्षेत गुण नकोत का?