आखूड दिवसांचे घर



कार्तिकी पौर्णिमा झाली. चार महिने आपल्या गावी स्थिरावलेल्या साध्वीजी महाराजांनी सकाळच्या गारठ्यात विहार केला. वेशीपर्यंत त्यांना पोहोचवून आम्ही बायका परतलो, तेव्हा उपाश्रयाचे अंगण एकाएकी मोठे वाटू लागले. थंड रस्त्यावरून चालत गेलेली ती अनवाणी पावले दिवसभर डोळ्यांपुढून हलत नव्हती. चातुर्मासात प्रवचन, प्रतिक्रमण आणि तपस्येच्या पारण्यांनी घराला आपोआप एक शिस्त लागलेली असते. महाराजसाहेब पुढे गेले की ती शिस्त घरानेच सांभाळायची असते. म्हणूनच हिवाळ्याचे चार महिने मला आपल्या गृहिणीपणाची परीक्षा वाटतात.

ही परीक्षा तशी गोड आहे. ज्या घरांत फाल्गुन चौमासीची मर्यादा पाळली जाते, तेथे आठ महिने बंद असलेली भाजी आणि मेवा कार्तिकी पौर्णिमेनंतर पुन्हा घरात येतो. मेथी, चाकवत, कोथिंबीर, खजूर, खारीक, बदाम, तीळ यांची दारे फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपर्यंत उघडी असतात. मिठाईची काळमर्यादाही थंडीत सर्वांत मोठी असते: पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २० दिवस आणि हिवाळ्यात ३० दिवस. उकळलेल्या पाण्याचा काळही ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच. संप्रदायानुसार आणि घरानुसार यात थोडाफार फरक असेल, पण मूळ विचार एकच आहे. हवेत ओल किती, जीवोत्पत्तीचा संभव किती, हे पाहून पूर्वाचार्यांनी स्वयंपाकघराला ऋतूंचे पंचांगच घालून दिले. जयणा हा शब्द आपण प्रवचनात ऐकतो, पण त्याचा खरा सराव डब्यांच्या फळीपाशी होतो.

माझ्या सासूबाईंना, ज्यांना आम्ही सारे ‘बाई’ म्हणतो, लिहिण्यावाचण्याची फारशी सवय नाही. त्यांनी या ३० दिवसांसाठी स्वतःची एक रीत काढलेली आहे. आमचे कापडाचे दुकान. ताग्यांच्या कडेचे काठ, कटपिसांच्या पट्ट्या घरात कायम असतात. डिंकाचे लाडू झाले की डब्याच्या कडीला त्या एक हिरवी पट्टी बांधतात. पंधरा दिवस झाले की हिरवी सोडून पिवळी बांधतात आणि शेवटच्या आठवड्यात लाल. लाल पट्टी दिसली की घरातले सारे समजतात की आता हा डबा संपवायचा आहे, शेजारी द्यायचा आहे किंवा दुकानातल्या माणसांना वाटायचा आहे. आज बाजारात छापील चिठ्ठ्या मिळतात. पण आमच्या फळीवरच्या या रंगीत पट्ट्यांकडे पाहिले की महिना कसा सरकतो आहे हे लहान मुलालाही कळते. आपणही करून पाहावे. खर्च काहीच नाही आणि लाडू कधी केले याचा विसर पडत नाही.

एवढे सगळे पाळणाऱ्या आमच्या घरात एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षे निसटत होती. ती आज लिहिते, कारण आपल्यापैकी अनेकींच्या घरी ती असावी.

हिवाळ्यात दिवस आखूड होतो. मुंबई-पुण्याकडे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो जेमतेम ११ तासांचा असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सहाच्या आसपास येतो. म्हणजे चौविहार करणाऱ्याला पावणेसहाला तरी हात धुवावे लागतात. आणि व्यापाऱ्याच्या घरी नेमकी हीच लग्नसराई! तुळशीचे लग्न लागले की बस्ते सुरू होतात. वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त आणि वर्षातले सर्वांत जास्त गिऱ्हाईक एकाच वेळी दारात उभे असतात. दुकान रात्री नऊला बंद होते, पुरुष साडेनऊला जेवतात आणि आम्ही सुनाही लग्नसराईत दुकानावर मदतीला असतो.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. नमुन्यांची वही घरी राहिली म्हणून संध्याकाळी साडेपाचला मी धावत घरी आले. स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता. बाई पाटावर बसून जेवत होत्या. समोर भिंतीवर घड्याळ. आणि त्यांच्या पुढ्यात, दुसऱ्या पाटासमोर, आणखी एक ताट मांडलेले. रिकामे.

मी विचारले, “बाई, हे दुसरे ताट कुणाचे?”

त्या म्हणाल्या, “कुणाचे नाही गं. समोर ताट असले की जेवताना घाई होत नाही.”

सासरे जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. ते असेपर्यंत दोघे चौविहार बरोबर करीत. त्यानंतरचे पाच हिवाळे बाई एकट्या जेवल्या होत्या आणि आम्हा कुणाच्याच ते ध्यानात आले नव्हते. आम्ही त्यांचे व्रत सांभाळत होतो. वेळेवर गरम जेवण होते, पाणी उकळलेले होते, भाजी निवडलेली होती. फक्त त्यांच्याबरोबर कुणी नव्हते.

त्या रात्री मी ही गोष्ट घरात काढली. यजमान बराच वेळ बोलले नाहीत. मुलगा दोन वर्षांपूर्वी धंद्यात आला आहे. तो म्हणाला, “आई, दादींचे खरे आहे. पण लग्नसराईत साडेपाच म्हणजे ऐन गिऱ्हाइकाची वेळ. शटर कसे ओढायचे?” त्याचे म्हणणे चूक नव्हते. ज्या दुकानावर घर चालते त्याचा अवमान करून घर चालत नाही.

मग ठरले ते असे. शटर ओढायचे नाही. बाईंनी पाच वाजता डबा घेऊन दुकानावर यायचे. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी मुनीमजी खातेवह्या घेऊन बसत, तिथे गादीवर पंचवीस मिनिटांची पंगत. तेवढा वेळ काउंटर दुकानातल्या माणसांनी सांभाळायचा आणि नंतर त्यांच्या चहा-नाश्त्याची वेळ. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि रविवारी हे जमणार नाही, हेही मोकळेपणाने मान्य केले. त्या दोन दिवशी मी घरी थांबायचे.

पहिल्याच आठवड्यात एक बस्ता हातचा गेला. यजमानांनी नुकताच पहिला घास घेतला होता. नवरीकडच्या मंडळींना मालकच समोर हवे होते. ती पलीकडच्या दुकानात गेली. महिनाअखेरीस मुलाने सांगितले की अशी तीन मोठी गिऱ्हाइके गेली. नुकसान खरे होते आणि त्यावर गोड बोलून पांघरूण घालण्यात अर्थ नाही. यजमान एवढेच म्हणाले, “तीन गेली, हे लिहून ठेव. आणि उद्याही पंगत पाचलाच मांडायची.”

मुलाने चौविहाराचा नियम घेतलेला नाही. मीही त्याला सांगितलेले नाही. नियम आतून यावा. पण आज पावणेपाच झाले की तो स्वतः स्कूटर काढून दादींना आणायला जातो. यंदा त्याला आठवण करून द्यावी लागली नाही.

आता थोडे व्यवहाराचे. साडेपाचची पंगत साधायची तर स्वयंपाकाचे घड्याळ मागे सरकवावे लागते. त्याचा माझा अनुभव असा.

मेथी, चाकवत यांसारखी पालेभाजी सकाळच्या उन्हात, पांढऱ्या कापडावर निवडावी. थंडीत पाने कोवळी असतात आणि त्यांत बारीक जीव सहज लपतात. पांढऱ्या कापडावर ते दिसतात आणि त्यांना अलगद बाजूला करता येते. दिव्याच्या उजेडात भाजी निवडणे ही जयणा नव्हे. संध्याकाळी केवळ फोडणी उरावी. बाजरीची भाकरी, मेथीची मुगाची डाळ घातलेली भाजी, हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी, कढी (ताक आधी चांगले गरम करून, द्विदलाचा दोष टाळून) आणि खिचडी यांची अदलाबदल केली की आठवडा निघतो. आले वर्ज्य असले तरी सुंठ आहे. थंडीत गुळाच्या खड्याबरोबर ती पोटाला ऊब देते. उंधियूत कंद नसले म्हणून बिघडत नाही. कच्ची केळी, वालपापडी, तुरीचे दाणे आणि मेथीचे मुटके यांनी तो भरगच्च होतो.

दुसरे, माप. आपल्याकडे रात्र उलटलेली भाकरी-भाजी चालत नाही. म्हणून सकाळीच जेवणाऱ्यांची मोजदाद करावी आणि तेवढेच रांधावे. उरलेच तर सूर्यास्तापूर्वी ते कुणाच्या तरी मुखी लागावे. ऊणोदरी हे तप आपण ताटापुरते समजतो. पातेल्यालाही ते लागू पडते.

तिसरे, आणि मला सर्वांत प्रिय. सहा वाजता चूल विझली की हिवाळ्याची लांबलचक रात्र गृहिणीच्या हाती येते. ही वेळ आम्ही आता गोधडीला दिली आहे. जुन्या सुती साड्यांचे थर, वरून कटपिसांची नक्षी, आणि कडेने बाईंचे बारीक धावदोऱ्याचे टाके. बाई दोरा भरून मागतात, नात सुई ओवून देते, मी चौकोन जुळवते. मार्गशीर्षात दोन गोधड्या पूर्ण होतात. एक घरात राहते आणि एक बाजारपेठेत रात्री पथारी टाकून झोपणाऱ्या हमालांपैकी कुणाला तरी जाते. विकत घेतलेले ब्लँकेट देणेही पुण्याचेच. पण गोधडी देताना ती ज्याच्या अंगावर पडणार त्या माणसाचा विचार महिनाभर मनात घोळलेला असतो.

आणि नवे वर्ष? आपल्या व्यापारी घरांत ते तीनदा उजाडते. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला वीर निर्वाण संवत बदलतो, १ एप्रिलला हिशेबाचे वर्ष, आणि मधे मुलांचे १ जानेवारी. त्या तिसऱ्याला नाक मुरडून उपयोग नाही. मुलांना मित्र आहेत, त्यांना आनंद हवा आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री जागण्याला आम्ही नाही म्हणत नाही. फक्त खाण्याचा थाट दिवसा उजेडी हलवला आहे. दुपारी चारला मुलांच्या मित्रांना बोलावतो, गरम थालीपीठ आणि गाजराविना केलेला दुधीचा हलवा पोटभर खाऊ घालतो. आणि १ जानेवारीला सकाळी सगळे मिळून नवकारशी पारतो. त्या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो. त्यानंतर ४८ मिनिटे, म्हणजे आठच्या सुमारास. वर्षाची पहिली सकाळ सर्वांनी एकत्र, नवकार म्हणून, गरम दुधाने सुरू करणे इतके सोपे आहे की आजवर सुचले कसे नाही याचे नवल वाटते.

त्याच सुमारास, कधी डिसेंबरच्या मध्यावर तर कधी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पौष दशमी येते. आपल्या मराठी पंचांगाप्रमाणे ती मार्गशीर्ष वद्य दशमी, भगवान पार्श्वनाथांचा जन्मकल्याणक दिन. नव्या वर्षाचा संकल्प करायचाच तर त्या दिवशी करावा. पुढे मकरसंक्रांत. आमच्याकडे हळदीकुंकवाचे वाण म्हणून यंदा कटपिसांच्या पिशव्या शिवून ठेवल्या आहेत. आणि मुलांच्या पतंगांना साधा सुती दोराच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो बाजारात चोरून मिळतो. पक्षी सकाळी घरट्यातून निघतात आणि संध्याकाळी परततात. त्या दोन वेळी पतंग खाली उतरवावा, एवढे मुलांना सांगणे आपल्या हातात आहे.

भगिनींनो, या महिन्यात एकच विनंती. एका संध्याकाळी साडेपाचला आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. कुणी एकटे जेवत असेल, तर शेजारी पाट मांडून बसा. आपला चौविहार नसला तरी चालेल. पाण्याचे भांडे घेऊन बसलात तरी पुरे.

आमच्या बाईंचे ते दुसरे ताट आता डब्याबरोबर दुकानावर जाते आणि त्यात मुलगा जेवतो.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडं.